अपग्रेड अर्ध्यावर तुटलं? फॉरमॅट मारायची घाई नको

पावसाळा लागला की बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने एक तक्रार हमखास ऐकू येते. कॉम्प्युटरचं अपग्रेड चालू होतं, मध्येच लाईट गेली आणि आता मशीन चालूच होत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी येतात आणि तिथंच सगळं थांबतं. पाठोपाठ प्रश्न असतो, "फॉरमॅट मारून टाकू काय?"

माझं म्हणणं आहे, नको. निदान लगेच तरी नको. अर्ध्यावर तुटलेलं अपग्रेड म्हणजे मेलेलं मशीन नव्हे. काम कुठवर आलं होतं याची नोंद डिस्कवर असते. ती वाचून काम पूर्ण करता येतं किंवा मागे फिरवता येतं. फक्त पुढे जायचं की मागे, हे आधी ठरवावं लागतं. उबुंटूसारख्या लिनक्सला (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) पुढे न्यायचं असतं, विंडोजला मागे आणायचं असतं. हा एक फरक डोक्यात पक्का बसला तर निम्मी दुरुस्ती झाली असं समजा, कारण बहुतेक नुकसान उलट्या दिशेने ढकलल्यामुळे होतं.

अपग्रेडचा विषय आत्ताच इतका का निघतो, त्यालाही कारण आहे. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांत, पतसंस्थांत अशी जुनी मशीनं भरपूर आहेत. त्यातल्या काहींवर उबुंटू आलं. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते: 20.04, 22.04, 24.04. प्रत्येकीला पाच वर्षं मोफत आधार असतो. 20.04 चा तो आधार 2025 च्या मे महिन्यात संपला. म्हणजे आज ना उद्या अपग्रेड सगळ्यांनाच करावं लागणार, आणि पाऊस काही त्यासाठी थांबणार नाही.

आत नेमकं काय चाललेलं असतं

उबुंटूचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळं उघड दिसतं. उबुंटू म्हणजे हजार-दोन हजार पॅकेजांचा, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्यांच्या फायलींच्या गठ्ठ्यांचा संच. ही पॅकेजं बसवण्याचं मूळ काम डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम करतो. हा डेबियनकडून आलेला आहे. डेबियनची सुरुवात इयन मर्डॉकने 1993 मध्ये केली. डीपीकेजीच्या वर एपीटी बसतो. कुठलं पॅकेज कुठून आणायचं आणि कशाच्या आधी बसवायचं, हे तो ठरवतो.

अपग्रेड सुरू झालं की आधी सगळी नवी पॅकेजं डाउनलोड होऊन एका फोल्डरमध्ये जमा होतात. या टप्प्यात लाईट गेली तर काहीच बिघडत नाही, कारण जुन्या फायलींना हात लागलेला नसतो. धोका त्यानंतर सुरू होतो. डीपीकेजी एकेक पॅकेज उलगडतो. त्यातल्या फायली आधी "डीपीकेजी-न्यू" अशा शेपटीच्या नावाने डिस्कवर उतरवतो, आणि पूर्ण उतरल्यावरच नाव बदलून जुन्या फायलीच्या जागी ठेवतो. त्यामुळे एखादी फाईल अर्धी जुनी, अर्धी नवी अशी होत नाही. मग पॅकेजची जुळणी होते, म्हणजे त्याची सेटिंग्ज लावणं, सेवा पुन्हा चालू करणं वगैरे. काही कामं तर अगदी शेवटी, एकदाच करायची म्हणून मागे ठेवलेली असतात.

मिरगाच्या आधी घराची कौलं परतायला काढली आणि निम्म्यावर असताना वळीव कोसळला, तर जे दृश्य असतं तेच इथे असतं. निम्मी कौलं नवी, निम्मी जुनी, काही नुसतीच रचून ठेवलेली. घर पडलेलं नसतं. कुठली ओळ राहिली ते बघून काम पुरं करायचं असतं.

कुठली ओळ राहिली हे डीपीकेजी "स्टेटस" नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. प्रत्येक पॅकेजपुढे त्याची अवस्था असते. यादी काढली तर डावीकडे दोन अक्षरं दिसतात. "आयआय" म्हणजे नीट बसलेलं. "आययू" म्हणजे उलगडलेलं, पण जुळणी बाकी. "आयएफ" म्हणजे जुळणी अर्ध्यावर राहिलेली. "आयएच" म्हणजे बसवणंच अर्धवट. लाईट गेलेल्या मशीनवर शंभर-दोनशे "आययू" आणि एखाद-दुसरं "आयएफ" असं चित्र बहुधा असतं. बघून छाती दडपते, पण ते सगळं सुधारणारं असतं.

"कर्नल पॅनिक" म्हणजे शेवट नव्हे

सगळ्यात जास्त घाबरवणारी ओळ ही: "कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)". ही दिसली की लोक म्हणतात हार्ड डिस्क गेली. हार्ड डिस्क बहुधा गेलेली नसते.

झालेलं असतं असं. मशीन सुरू होताना आधी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत येतो. पण डिस्क कशी वाचायची याची साधनं त्याला एका वेगळ्या फाईलमधून मिळतात, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. नव्या कर्नलचं पॅकेज उलगडलं की कर्नल बूटच्या फोल्डरमध्ये येऊन बसतो. त्याची इनिटरॅमएफएस फाईल मात्र शेवटी करायच्या कामांत असते. मधल्या वेळात लाईट गेली, तर नवा कर्नल आहे आणि त्याची साधनं नाहीत अशी स्थिती होते. त्याला डिस्क ओळखता येत नाही, म्हणून तो "अननोन ब्लॉक" म्हणून थांबतो. डिस्कवरचे तुमचे फोटो, बिलं, लग्नपत्रिकांच्या फायली, सगळं जागेवर असतं.

जुना कर्नलही जागेवर असतो, आणि सुटकेचा पहिला रस्ता तोच. मशीन चालू करताना जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्टची कळ दाबून धरा, नव्या यूईएफआयच्या मशीनवर एस्केप एकदा-दोनदा दाबा (बायॉस, यूईएफआय म्हणजे मशीन चालू होताच पहिल्यांदा चालणारा प्रोग्रॅम). ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणारा मेनू येईल. त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जा. तिथे कर्नलांची यादी दिसेल. वरचा, मोठ्या नंबरचा सोडा. त्याच्या खालचा, जुना, "रिकव्हरी मोड" लिहिलेला निवडा. खूप वेळा मशीन इथेच उठतं.

रिकव्हरीच्या मेनूत "एफएससीके" आणि "डीपीकेजी" असे दोन पर्याय असतात. आधी पहिला चालवा, तो फाईल सिस्टीम तपासतो. मग दुसरा. हातानेच करायचं असेल तर "रूट" निवडून आज्ञा द्यायच्या. तिथे डिस्क फक्त वाचायला उघडलेली असते, लिहायला नाही, हे लक्षात ठेवा. त्यामुळे पहिली आज्ञा डिस्क लिहिती करण्याची. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच, मोकळ्या जागा सांभाळून टाइप करायच्या.)

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

मग जागा बघा:

डीएफ -एच

जागा बघणं टाळू नका. अपग्रेड तुटण्याचं कारण दर वेळी लाईटच असतं असं नाही. बूटचं वेगळं पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) जुन्या कर्नलांनी भरून गेलेलं असलं तरी इनिटरॅमएफएस तयार होताना काम अडतं, आणि तिथे जागा केल्याशिवाय दुरुस्ती शंभरदा चालवली तरी शंभरदा तिथेच अडेल. खूप जुना एखादा कर्नल पॅकेज म्हणूनच काढा. बूटच्या फोल्डरमधल्या फायली हाताने पुसू नका, आणि ज्या कर्नलवर मशीन आत्ता उठलंय त्याला तर हात लावूच नका.

इथे आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जागा करण्यासाठी "एपीटी क्लीन" चालवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो आत्ता पाळू नका. त्या आज्ञेने डाउनलोड केलेली सगळी नवी पॅकेजं पुसली जातात. बेळगाव शहरात फायबरवर ती पुन्हा उतरवणं सोपं आहे. पण कणकुंबीच्या पुढे मोबाईलच्या एका कांडीवर एक-दोन जीबी पुन्हा आणायचे म्हणजे दोन दिवस गेले. ती पॅकेजं डिस्कवर आहेत म्हणूनच इंटरनेट नसतानाही दुरुस्ती होऊ शकते. मुख्य डिस्कवर जागा हवी असेल तर जुने लॉग (सिस्टीमच्या नोंदींच्या फायली) कमी करा, किंवा मोठे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवा.

आता खरी दुरुस्ती:

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

ही आज्ञा स्टेटसची फाईल वाचते आणि जुळणी बाकी असलेलं प्रत्येक पॅकेज क्रमाने पुरं करते. शेवटी राखून ठेवलेली कामंही करते, त्यातच नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस तयार होते. जुन्या हार्ड डिस्कवर याला तासभरही लागू शकतो. मध्ये एखाद्या पॅकेजवर एरर येऊन थांबली तर पुढची आज्ञा:

एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

ही राहिलेली अवलंबनं, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजं, पुरी करते. त्यानंतर पुन्हा डीपीकेजीची, मग पुन्हा ही. दोघी आळीपाळीने चालवाव्या लागणं अगदी नेहमीचं आहे. दर फेरीत एररची यादी लहान होत असेल तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. दोन फेऱ्यांत तीच एरर आली, की तिच्यातलं पॅकेजचं नाव वाचा आणि फक्त त्याच्याकडे लक्ष द्या. शेवटी:

एपीटी फुल-अपग्रेड

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

अपडेट-ग्रब

या तिन्ही बिनतक्रार झाल्या की मशीन रीस्टार्ट करा. आता वरचा, नवा कर्नलच उठायला हवा.

दुरुस्ती चालू असताना दोन गोष्टी माणसाला चकवतात. पहिली कुलपाची: "कुड नॉट गेट लॉक". याचा अर्थ दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम डीपीकेजी वापरतोय, बहुधा मागे आपोआप चालणारं अपडेट. थांबा, ते होऊ द्या. लॉकची फाईल पुसायचा सल्ला मिळेल, पण तसं केलं तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी स्टेटसमध्ये लिहायला लागतील, आणि ज्या नोंदीच्या भरवशावर सगळी दुरुस्ती उभी आहे तीच बिघडेल. हे कुलूप प्रोग्रॅम संपला किंवा मशीन रीस्टार्ट झालं की आपोआप सुटतं. फाईल पुसायची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक चुटपुट लावणारी. कितीतरी अपग्रेड लाईटमुळे तुटलेले नसतात, माणसाने तोडलेले असतात, कारण स्क्रीन अर्धा तास हललेली नसते. खरं तर मशीन उत्तराची वाट बघत असतं. एखादी सेटिंगची फाईल तुम्ही कधी बदललेली असेल, तर डीपीकेजी विचारतो की तुमची ठेवू की नवी घालू. वाय, एन, डी, झेड अशी अक्षरं दिसतात. काही न सुचल्यास नुसतं एंटर मारा, तुमची जुनी फाईल राहते. हा प्रश्न खिडकीच्या आतल्या टर्मिनलच्या पट्टीत लपलेला असू शकतो. म्हणून मशीन अडकलं असं वाटलं तर ती पट्टी उघडून बघा, आणि डिस्कचा दिवा लुकलुकतोय का तेही. बटण दाबून बंद करणं त्यानंतरची गोष्ट.

आणि आता मागे न जाण्याबद्दल. अपग्रेड सुरू होताच पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत नव्या आवृत्तीचं नाव लागलेलं असतं. ते बदलून जुनं करावं म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. उबुंटूत वरच्या आवृत्तीवरून खाली उतरण्याची सोयच नाही. निम्मी पॅकेजं नवी झालेली असताना खालची मागायला लागलात तर एपीटी अर्धा डेस्कटॉप काढून टाकायचा प्रस्ताव देईल. "खालील पॅकेजं काढली जातील" अशी लांबलचक यादी दिसली तर होय म्हणण्याआधी ती शेवटपर्यंत वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव असेल तर थांबा.

जुना कर्नलही उठला नाही तर

मग बाहेरून आत शिरायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटूची लाइव्ह डिस्क (इन्स्टॉल न करता चालणारं उबुंटू) तयार करा आणि तिच्यावरून मशीन चालू करून "ट्राय उबुंटू" निवडा. इन्स्टॉल नव्हे. आता तुमची आतली डिस्क नुसती एक डिस्क म्हणून उघडते. सगळ्यात आधी होमचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायलींचं, फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. बाकी सगळं नंतर. ही कॉपी हातात असली की माणूस शांतपणे काम करतो.

कुठलं पार्टिशन आपलं हे "एलएसबीएलके -एफ" दाखवतं. समजा ते एसडीए2 आहे. आधी, जोडण्यापूर्वी, त्याच्यावर एफएससीके चालवा. मग:

माउंट /डेव्ह/एसडीए2 /एमएनटी

त्यानंतर डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर "माउंट --बाइंड" ने आत जोडायचे. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल किंवा यूईएफआय असेल तर तेही आपापल्या जागी जोडायचं. आणि मग:

सीएचरूट /एमएनटी

या आज्ञेनंतर टर्मिनल बिघडलेल्या सिस्टीमच्या आतून बोलू लागतं, कर्नल मात्र पेन ड्राइव्हवरचा निरोगी असतो. इथून वरच्याच सगळ्या आज्ञा त्याच क्रमाने. "रन" जोडायला बरेच जण विसरतात आणि मग आत इंटरनेट चालत नाही म्हणून हैराण होतात, कारण नावं शोधणाऱ्या फाईलचा दुवा त्याच फोल्डरमध्ये जातो.

विंडोजची उलटी चाल

विंडोज मोठं अपग्रेड करताना जुनी सिस्टीम "विंडोज.ओल्ड" या फोल्डरमध्ये बाजूला ठेवतं. मध्येच तुटलं तर पुढच्या वेळी बहुधा ते स्वतःच मागे फिरतं आणि "अनडूइंग चेंजेस" असं लिहून येतं. हा संदेश तासभर दिसला तरी बटणाला हात लावू नका. मागे फिरणं अर्ध्यावर तोडलं तर मात्र खरंच अवघड होतं.

लागोपाठ दोन-तीनदा चालू होणं फसलं की निळा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात "ट्रबलशूट", मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स". आधी "स्टार्टअप रिपेअर" करून बघा. नाही जमलं तर "अनइन्स्टॉल अपडेट्स". त्यात महिन्याचं छोटं अपडेट आणि मोठं अपग्रेड असे दोन वेगळे पर्याय असतात, जे चालू होतं ते काढा. अपग्रेड पुरं झालं पण मशीन नीट चालत नाही, अशा वेळी मागे जायला साधारण 10 दिवसांची मुदत असते. त्यानंतर विंडोज.ओल्ड पुसलं जातं.

या पडद्यावर काही मशीनं 48 आकडी बिटलॉकर की (डिस्कच्या कुलपाची किल्ली) मागतात. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून मिळते. खातं कुणी दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलेलं असेल तर पंचाईत. आजच, मशीन नीट चालू असताना, ती की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

"रीसेट धिस पीसी" मध्ये "कीप माय फाइल्स" निवडलं तर फायली राहतात, पण बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात. सीमाभागात हे जास्त बोचतं. आपल्या डीटीपीवाल्यांकडे एकाच मशीनवर मराठी लग्नपत्रिकांसाठी श्रीलिपी आणि कन्नड अर्जांसाठी नुडी असं दोन्ही असतं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली फाईल तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांची रांग होऊन उघडते. मजकूर हरवलेला नसतो, पण तो वाचता येत नाही, आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. म्हणून फायलींबरोबर फॉन्टचं फोल्डर आणि सॉफ्टवेअरच्या नोंदणीची माहितीही बॅकअपमध्ये हवीच.

फॉरमॅट कधी मारावा

डिस्क वाचताना "आय/ओ एरर" येत असतील तर दुरुस्ती थांबवा. ती डिस्क बदलायची आहे, तिच्यावर आणखी लिहू नका, जमेल तेवढं उतरवून घ्या. आणि डेटा उतरवून झालाय, दोन-तीन फेऱ्यांनीही एररची यादी हटत नाही, मुळात डीपीकेजीच चालत नाही, तर नव्याने बसवा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो निर्णय होमची कॉपी हातात आल्यावर घ्यायचा, आधी नाही.

मशीन उठल्यावर "डीपीकेजी --ऑडिट" चालवा. काहीच उत्तर आलं नाही म्हणजे सगळं बसलं. अपग्रेडच्या वेळी बाहेरचे पॅकेज स्रोत बंद केलेले असतात, ते नव्या आवृत्तीसाठी उपलब्ध आहेत का बघून एकेक चालू करा. छपाईचं एक पान आणि मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड तपासून घ्या. जुने कर्नल काढायची घाई करू नका, आठवडाभर नव्यावर नीट चालू द्या.

पुढच्या अपग्रेडआधी यूपीएसची परीक्षा घ्या. सगळं बंद करून नुसता मॉनिटर आणि मशीन चालू ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. दोन-तीन वर्षं जुनी बॅटरी पुष्कळदा पाच मिनिटंही टिकत नाही, आणि पॅकेजं बसायला साध्या हार्ड डिस्कवर तासाहून जास्त लागू शकतो. घरात दिव्यांसाठी इन्व्हर्टर असेल तर यूपीएसची पिन त्याच्या सॉकेटमध्ये लावा. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसा. आणि जून ते सप्टेंबर, दुपारनंतर ढग भरून आलेले असताना तो "अपग्रेड नाऊ" चा निरोप आला, तर सरळ बंद करा. तो उद्या सकाळी पुन्हा येतो.